मनगटावरचा ओरखडा

या लेखाचा विषय काहींना क्षुल्लक वाटेल. रोज वापरायच्या स्मार्टवॉचवर ओरखडे पडतात, कडांचा रंग उडतो, काच धूसर होते. या गोष्टीचे मनाला किती लावून घ्यावे, एवढाच तो विषय आहे. ईमान, इबादत, आखिरत अशा मोठ्या विषयांच्या शेजारी हा प्रश्न मांडताना मलाही संकोच वाटला. परंतु आपल्या आयुष्याचा बहुतेक काळ लहानसहान वस्तूंच्या सहवासातच जातो, आणि माणसाचे अंतःकरण कशात गुंतले आहे याचा पत्ता अशा वस्तूच लवकर देतात. शिवाय या ओरखड्याच्या निमित्ताने माझ्या हातून एक चूक घडली. प्रथम तीच सांगतो.

दोन वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ दोह्याहून सुट्टीवर आला, तेव्हा त्याने मला एक स्मार्टवॉच भेट दिले. आमच्या कोकणात परदेशी कमावणाऱ्या भावाने आणलेल्या वस्तूचे मोल केवळ पैशांत होत नाही. घरापासून दूर काढलेल्या वर्षांची ती निशाणी असते. म्हणून मी ते जिवापाड जपले. काचेवर स्क्रीनगार्ड लावला. वुजू करताना ते काढून रुमालात गुंडाळून खिशात ठेवू लागलो. तीन महिने त्याच्यावर एक रेघही उमटली नाही, आणि या गोष्टीचा मला मनातल्या मनात अभिमान वाटत होता.

एके दिवशी अस्रनंतर माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने ते घड्याळ मागितले. गल्लीतल्या मुलांची धावण्याची शर्यत होती आणि वेळ मोजायची होती. मी दिले. धावता धावता त्याचा हात आमच्या जांभ्याच्या गडग्याला घासला. स्क्रीनगार्ड आठवड्यापूर्वीच निघून गेला होता. काचेवर तिरकी लांब रेघ उमटली आणि कडेचा काळा रंग जाऊन खालचा पांढरा धातू दिसू लागला. मुलाने घड्याळ आणून मुकाट्याने माझ्यासमोर ठेवले. त्या वेळी घरात पाहुणे बसले होते. त्यांच्यादेखत मी त्याला बोल बोल बोललो, आणि शेवटी म्हणालो, "तुला कोणत्याच वस्तूची किंमत नाही." त्याच्या हाताच्या कोपराला खरचटले होते, हे मला त्याच्या अम्मीने रात्री सांगितले.

या गोष्टीला महिना झाला असेल. एका सकाळी स्वयंपाकघरात माझ्या पत्नीच्या हातून काचेचा पेला निसटला आणि फुटला. मुलगा दारात उभा होता. पेला जमिनीवर पडतो न पडतो तोच तो दचकून म्हणाला, "मी नाही केलं!" कोणी त्याला काही विचारलेही नव्हते. पत्नीने तुकडे गोळा करता करता एकदा माझ्याकडे पाहिले. ती काही बोलली नाही. बोलण्याची गरजही नव्हती. घड्याळावरचा ओरखडा मला क्षणात दिसला होता. मुलाच्या मनावरचा दिसायला महिना लागला.

त्या दिवसापासून मी या प्रश्नाचा विचार करीत आहे. आपण वस्तू सांभाळतो ती कोणासाठी? आणि कोणत्या क्षणी ती वस्तू आपल्याला वापरू लागते?

झीज हा सृष्टीचा नियम

प्रथम हे समजून घेऊ की ओरखडा का पडतो. फ्रीडरिश मोस नावाच्या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पदार्थांच्या कठीणपणाची १ ते १० अशी एक मोजपट्टी तयार केली. तिच्यात सर्वांत मऊ शंखजिरे १ वर आणि हिरा १० वर आहे. जो पदार्थ वरच्या पायरीवर, तो खालच्या पायरीवरच्या पदार्थावर ओरखडा काढतो. घड्याळाची मजबूत केलेली काच साधारण ६ च्या आसपास असते. क्वार्ट्झ हे खनिज ७ वर आहे, आणि क्वार्ट्झ म्हणजे काही दुर्मिळ वस्तू नव्हे. अंगणातल्या वाळूत, रस्त्यावरच्या धुळीत, स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यात ते असतेच. म्हणूनच खिशातल्या किल्लीने सहसा काचेला काही होत नाही, पण धूळ बसलेल्या रुमालाने पुसल्यास बारीक रेघा उमटतात. महागड्या घड्याळांवर नीलमण्याच्या जातीची काच असते. ती ९ वर आहे, तरी आपटल्यास तिलाही तडा जातो. ॲल्युमिनियमच्या चौकटीवर रंगाचा कठीण पण अतिशय पातळ थर असतो. तो कोपऱ्यांवर झिजला की खालचा मऊ धातू उघडा पडतो.

याचा अर्थ असा की आपण ज्या धुळीत चालतो, तीच धूळ आपल्या काचेपेक्षा कठीण आहे. जो हात काम करतो, दारे उघडतो, मुलाला उचलतो, गवत कापतो, भिंतीला टेकतो, त्या हातावरचे घड्याळ झिजणारच. एकही रेघ नसलेले घड्याळ फक्त डबीतच सापडते. मी रुमालात गुंडाळून जे तीन महिने टिकवले होते, तो नवेपणा नव्हता. ती केवळ पुढे ढकललेली झीज होती.

दिव्य कुरआनातील सूरह अल्-कहफ आपल्यापैकी अनेकजण दर शुक्रवारी पठण करतात. तिच्यात दोन बागांच्या मालकाचा वृत्तांत आहे. द्राक्षांचे मळे, भोवती खजुरीची झाडे, मधून वाहता पाट, असे सगळे काही त्याला लाभले होते. त्याचा अपराध बाग असणे हा नव्हता. ही बाग कधी नष्ट होईल असे आपल्याला वाटत नाही, असे तो बागेत शिरताना म्हणाला, आणि तेथे तो चुकला. नाशवंत वस्तूकडून त्याने चिरंतनाची अपेक्षा केली. मनगटावरच्या लहानशा घड्याळाकडून आपण नकळत हीच अपेक्षा करतो, आणि पहिली रेघ उमटताच ती मोडते. जो खेद होतो तो रेघेचा कमी आणि मोडलेल्या अपेक्षेचा अधिक असतो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांची 'अज़्बा' नावाची एक सांडणी होती. शर्यतीत तिला कोणी मागे टाकत नसे. एकदा एक ग्रामीण अरब आपल्या तरुण उंटावर आला आणि त्याने तिला मागे टाकले. ह. अनस (रजि.) सांगतात की मुसलमानांना ही गोष्ट फार लागली. प्रेषितांनी (स.) त्यांचे चेहरे पाहिले आणि समजावले की या जगात जे जे वर चढते ते अल्लाह खालीही आणतो, हा त्याचा ठरलेला नियम आहे. सहीह बुखारीतील ही घटना वाचताना मला नेहमी वाटते की प्रेषितांनी (स.) आपल्या आवडत्या जनावराच्या पराभवाचा उपयोगही अनुयायांच्या मनावरचे ओझे उतरवण्यासाठी केला. आपल्याला तर केवळ एका काचेविषयी एवढे मान्य करायचे आहे.

जपणूक आणि आसक्ती

येथे एक रास्त शंका येऊ शकते. मग वस्तू कशाही वापराव्यात काय? भावाने कष्टाच्या पैशातून दिलेली भेट निष्काळजीपणे झिजू द्यावी काय? मुळीच नाही. वस्तू ही अमानत आहे. अल्लाहने दिलेल्या देणग्यांविषयी त्या दिवशी विचारणा होणार आहे, हे सूरह अत्-तकासुर आपल्याला बजावते. उधळपट्टी करणाऱ्यांना कुरआनने सैतानाचे भाऊबंद ठरवले आहे. आपले कपडे आणि पादत्राणे चांगली असावीत असे वाटणे हा अहंकार आहे काय, असा प्रश्न एकाने प्रेषितांना (स.) विचारला. त्यावर मिळालेल्या उत्तराचा आशय असा की अल्लाह स्वतः सुंदर आहे व त्याला सौंदर्य प्रिय आहे. अहंकार म्हणजे सत्य नाकारणे आणि लोकांना तुच्छ लेखणे. तेव्हा मळकट, मोडके घालून फिरणे म्हणजे धर्मपरायणता, अशी समजूत कोणी करून घेऊ नये.

मात्र जपणूक आणि आसक्ती यांत फरक आहे, आणि तो ओळखता येतो. जपणारा माणूस वस्तूच्या उपयोगाकडे पाहतो. आसक्त माणूस तिच्या रूपाकडे आणि तिच्याकडे पाहणाऱ्यांकडे पाहतो. आपल्या घड्याळाला हीच कसोटी लावून पाहू.

काचेवर रेघा आहेत, पण वेळ स्पष्ट दिसते. कडांचा रंग उडाला आहे, पट्टा फिकट झाला आहे. या सर्व वापराच्या खुणा आहेत. त्यांच्याने उपयोग घटत नाही. काही लोक त्या घालवण्यासाठी टूथपेस्टने काच घासतात. त्याने रेघ जात नाही, उलट बोटांचे डाग धरू न देणारा काचेवरचा पातळ लेप मात्र निघून जातो. खूण घालवण्याच्या खटपटीत वस्तूचेच नुकसान होते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

काचेला आरपार तडा गेला असेल, मागच्या बाजूची काच फुटली असेल, तर ती खूण नव्हे, तो बिघाड आहे. तेथून पाणी व घाम आत शिरतो. फुटकी कड त्वचेला कापू शकते. बॅटरी फुगून काच वर उचलली गेली असेल तर तो धोकाच आहे. असे घड्याळ त्याच क्षणी वापरातून काढावे, ते दाबू नये, चार्जिंगला लावू नये, जाणकार दुरुस्तीवाल्याकडेच न्यावे. या गोष्टींकडे दुर्लक्ष करणे ही अमानतीतील कसूर आहे. गंमत अशी की ज्या माणसाला बारीक रेघेने झोप लागत नाही, तोच मागची काच फुटली असता ती कोणाला दिसत नाही म्हणून महिनोन्‌महिने तशीच चालू देतो. यावरून आपण जपत होतो ते काय, हे कळते.

या घड्याळांचे खरे वृद्धत्व बाहेरून दिसतही नाही. आतली लिथियम-आयन बॅटरी प्रत्येक चार्जिंगबरोबर थोडी थोडी क्षीण होते. एके दिवशी कंपनी जुन्या घड्याळाला नवे सॉफ्टवेअर देणे थांबवते. स्मार्टवॉच निरुपयोगी होते ते बहुधा अशा कारणांनी. ओरखड्याने कोणतेही घड्याळ बंद पडल्याचे मी तरी पाहिले नाही.

तरीही अनेक घड्याळे चालू स्थितीतच कपाटात जाऊन पडतात आणि त्यांच्या जागी नवी येतात. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला, आणि त्यापैकी रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद केवळ २२.३ टक्क्यांचीच आहे. उरलेल्यातला पुष्कळसा कचरा कोणाच्या तरी वस्तीजवळ जळतो आणि कोणाच्या तरी पाण्यात उतरतो. मनगटावरची एक रेघ आपल्याला खटकते म्हणून पृथ्वीवर मोठा ओरखडा काढणे, याला काय म्हणावे ते वाचकांनीच ठरवावे.

स्वतः प्रेषित (स.) घरी असताना आपली पादत्राणे स्वतः सांधत आणि कपडे शिवत, असे ह. आयशा (रजि.) यांनी सांगितले आहे. ह. उमर (रजि.) खलीफा असताना त्यांच्या खांद्यांमध्ये एकावर एक लावलेली तीन ठिगळे आपण पाहिली, असे ह. अनस (रजि.) सांगतात. त्यांच्या अधिकाराखाली त्या काळी केवढा प्रदेश होता! ठिगळ हे दारिद्र्याचे चिन्ह असते तर ते त्या खांद्यांवर नसते. अजून टिकेल ती वस्तू टिकवायची, एवढाच त्याचा अर्थ होता.

येथे माझी दुसरी कबुलीही देऊन टाकतो. ओरखडा पडल्यानंतर एका निकाहच्या समारंभात मी शर्टाची बाही पुढे ओढून घड्याळ झाकले होते. तेच घड्याळ नवे असताना, वर्षभरापूर्वीच्या दुसऱ्या एका निकाहला मी बाही जरा मागे सारली होती. दोन्ही वेळी माझे लक्ष लोकांच्या नजरेवर होते. काच बदलली होती, मी तोच होतो.

नमाजमध्ये आलेली रेघ

एका जोहरच्या वेळी मी अत्तहिय्यातला बसलो होतो. डावा हात मांडीवर होता. मशिदीच्या खिडकीतून ऊन आले आणि ती तिरकी रेघ चमकली. ओठ आपले काम करीत राहिले, पण मन गडग्यापाशी गेले, तेथून पाहुण्यांपाशी, तेथून मुलाच्या चेहऱ्यापाशी. सलाम फेरला तेव्हा मी नेमके काय पठण केले हे मला आठवत नव्हते.

ह. आयशा (रजि.) यांच्याकडून एक हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आली आहे. प्रेषितांनी (स.) एकदा नक्षीची चादर पांघरून नमाज अदा केली. नमाजमध्ये त्यांची दृष्टी त्या नक्षीकडे गेली. नमाजनंतर त्यांनी ती चादर अबू जहम (रजि.) यांच्याकडे परत पाठवली व त्यांची साधी चादर मागवून घेतली, कारण नक्षीने नमाजमधील लक्ष विचलित केले होते. ती चादर मुळात अबू जहम (रजि.) यांनीच भेट दिली होती. नुसती परत पाठवली असती तर त्यांना वाईट वाटले असते, म्हणून त्यांच्याकडूनच दुसरी मागवली, असे भाष्यकार सांगतात. पहा, नमाजचेही रक्षण झाले आणि माणसाच्या मनाचेही.

त्या चादरीवर सुंदर नक्षी होती, माझ्या घड्याळावर कुरूप रेघ होती. पण मन वस्तूकडे गेले की ते सौंदर्याने गेले की कुरूपतेने, याने फरक पडत नाही. काही दिवस मी घड्याळ काढून समोर ठेवून नमाज अदा करून पाहिली. लक्ष अधिकच तिकडे जाऊ लागले. तेव्हा कळले की माझ्या नमाजमध्ये अडथळा आणणारी रेघ काचेवरची नव्हतीच. ज्याचे मन मी दुखावले होते तो माझा मुलगा त्याच सफेत, मुलांच्या ओळीत, माझ्यापासून शक्य तितक्या दूर उभा राहत होता.

वस्तूचा हक्क, माणसाचा हक्क

सहीह बुखारीत आणखी एक प्रसंग आहे, आणि प्रत्येक कुटुंबाने तो वाचावा असा आहे. प्रेषित (स.) आपल्या एका पत्नीच्या घरी होते. दुसऱ्या एका पत्नीने सेवकाच्या हाती ताटात जेवण पाठवले. ज्यांच्या घरी ते होते त्यांनी सेवकाच्या हाताला फटका मारला, ताट खाली पडले आणि फुटले. पाहुणे तेथे उपस्थित होते. प्रेषितांनी (स.) स्वतः ताटाचे तुकडे गोळा केले, सांडलेले अन्न त्यांत उचलून घेतले, आणि उपस्थितांना एवढेच सांगितले की तुमच्या मातेला असूया वाटली. मग त्या घरातले चांगले ताट घेऊन ते जिचे फुटले होते तिला पाठवले आणि फुटके त्याच घरी ठेवले.

या एका प्रसंगात सगळा न्याय आहे. वस्तूची भरपाई झाली, कारण ज्याची वस्तू त्याचा हक्क बुडता कामा नये. पण वस्तू फोडणाऱ्या व्यक्तीचा चारचौघांत पाणउतारा झाला नाही. उलट पाहुण्यांच्या मनात तिच्याविषयी गैरसमज राहू नये असे शब्द निवडले गेले. तुकडे कोणी उचलले, तर अल्लाहच्या प्रेषितांनी (स.). ह. अनस (रजि.) लहान असताना सेवेत आले आणि दहा वर्षे राहिले. त्या काळात प्रेषितांनी (स.) त्यांना एकदाही 'उफ्' म्हटले नाही, की हे असे का केलेस म्हणून जाब विचारला नाही. दहा वर्षांत त्या मुलाच्या हातून काहीच सांडले नसेल, फुटले नसेल, असे कोण म्हणेल?

आणि माझ्या घरी काय घडले? पाहुणे होते, मूल होते, ओरखडा होता. सगळे होते, सुन्नत तेवढी नव्हती.

मी त्याच रात्री मुलाजवळ जाऊन बसलो. आपल्या समाजात वडिलांनी मुलाची माफी मागण्याची रीत फारशी नाही. त्याने वडिलांचा मान कमी होतो असे आपण समजतो. परंतु बंद्यांचे हक्क केवळ जानमाजवर बसून फिटत नाहीत, ज्याला दुखावले त्याच्याकडेच जावे लागते, आणि तो नऊ वर्षांचा आहे म्हणून या नियमाला अपवाद होत नाही. मी त्याला म्हणालो, "बाळा, त्या दिवशी घड्याळाला लागलं ते मी पाहिलं, तुला लागलं ते पाहिलं नाही. माझं चुकलं. मला माफ कर." तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारले, "म्हणजे आता मी ते परत घालू शकतो?"

मी घड्याळ काढून त्याच्या हाती दिले. हे मला सोपे गेले असे मी म्हणणार नाही.

खुणा काय सांगतात

माझ्या आजीचे एक तांब्याचे तपेले आमच्या घरी अजून आहे. बूड पोचलेले, काठ वाकडा. लहानपणी कल्हईवाला मोहल्ल्यात आला की आजी ते पुढे करी. आतली कल्हई झिजली म्हणून कोणी तपेले टाकून देत नसे, पुन्हा कल्हई करून घेत. त्याच तपेल्यावर आजोबांचे नाव ठोकून कोरलेले आहे. आपल्याकडे नवे भांडे घेतले की दुकानातच त्यावर नाव घालून घेण्याची पद्धत आहे. म्हणजे कोऱ्या भांड्यावर आपण पैसे देऊन ओरखडे काढून घेतो, आणि त्या ओरखड्यांमुळेच ते भांडे आपले होते! खूण म्हणजे दोषच, हे आपल्या आजी-आजोबांनी कधी मानले नव्हते.

प्रेषितांचा (स.) पाणी पिण्याचा एक प्याला ह. अनस (रजि.) यांच्याकडे होता. तो तडकला तेव्हा चिरेच्या जागी चांदीने सांधण्यात आला. पुढच्या पिढीतल्या लोकांनी तो पाहिला, त्यातून पाणी प्याले. त्याला लोखंडाची एक कडी होती. तिच्या जागी सोन्याची किंवा चांदीची बसवावी असे ह. अनस (रजि.) यांच्या मनात आले. तेव्हा अबू तल्हा (रजि.) यांनी त्यांना अडवले आणि प्रेषितांनी (स.) जे जसे ठेवले त्यात काही बदलू नका, असे सांगितले. ती लोखंडी कडी तशीच राहिली. ज्या वस्तूचे नाते माणसाशी जुळलेले असते, तिचे साधेपणही बदलावेसे वाटत नाही.

सूरह अल्-कहफमध्येच ह. मूसा (अ.) यांच्या प्रवासाचा वृत्तांत आहे. समुद्रावर काबाडकष्ट करणाऱ्या गरिबांच्या नौकेला त्यांच्या ज्ञानी सोबत्याने मुद्दाम भोक पाडले. मूसांना (अ.) ते भयंकर वाटले. नंतर उलगडा झाला की पुढे एक राजा धडधाकट नौका बळजबरीने हिरावून घेत होता. सदोष झाली म्हणूनच ती नौका गरिबांकडे राहिली. आपल्या प्रत्येक ओरखड्यामागे असेच काही रहस्य आहे असा दावा आपण करू नये, कारण ते ज्ञान आपल्याला दिलेले नाही. पण एवढे मात्र शिकता येते की दोष दिसताच नुकसान झाले असा निकाल देण्याची घाई करू नये. माझ्या घड्याळावर ती रेघ उमटली नसती, तर मी आणखी किती वर्षे वस्तू जपत आणि माणसे दुखवत राहिलो असतो, हे अल्लाहच जाणे.

आता त्या घड्याळावर सात-आठ खुणा आहेत. एक गडग्याची. एक भाताच्या कापणीच्या दिवसाची. एक माझ्या वालिदांना रुग्णालयात नेताना स्ट्रेचरच्या दांड्याला घासल्याची. बाकीच्या कधी पडल्या ते आठवतही नाही. पट्टा एकदा बदलला, कारण तो तुटला होता. काच बदललेली नाही, कारण वेळ दिसते. भाऊ गेल्या सुट्टीत आला तेव्हा मनगटाकडे पाहून हसला आणि म्हणाला, "भाई, म्हणजे रोज घालता तर!" मी जे त्याच्यापासून लपवायला निघालो होतो, त्यात त्याला आपल्या भेटीची कदर दिसली.

शेवटी एकच गोष्ट. एका हदीसमध्ये प्रेषितांनी (स.) समजावले आहे की माणूस गुन्हा करतो तेव्हा त्याच्या अंतःकरणावर एक काळा ठिपका उमटतो. त्याने गुन्हा सोडला, क्षमा मागितली, तौबा केली, तर ते पुन्हा स्वच्छ होते, आणि गुन्हे करीतच राहिला तर ते ठिपके वाढून अंतःकरण व्यापून टाकतात. काचेवरची रेघ सहजासहजी पुसली जात नाही, आणि ती पुसली गेली नाही म्हणून आखिरतमध्ये कोणी विचारणारही नाही. अंतःकरणावरच्या डागाविषयी मात्र विचारले जाणार आहे, आणि तो पुसता येतो. मग आपण दिवसातून किती वेळा काच पुसतो आणि किती वेळा अंतःकरण, याचा हिशेब प्रत्येकाने स्वतःशी करावा. त्या दिवशी तोंडे बंद केली जातील आणि हात बोलतील, असे सूरह यासीनमध्ये आले आहे. ज्या मनगटावर आज घड्याळ आहे तोच हात तेव्हा साक्ष देईल. त्याने कोणाला उचलले, कोणाला सावरले आणि कोणावर तो उगारला गेला, ते सांगेल.

वाचक हो, आज घरी आपल्या मुलाच्या हातून काही पडले, घासले, फुटले, तर आधी त्याचा हात पहा. वस्तू नंतर पाहता येईल.

अल्लाह आपल्या सर्वांना त्याच्या देणग्यांची कदर करण्याची, त्या योग्य रीतीने वापरून झिजवण्याची, आणि माणसांची मने न दुखवण्याची सुबुद्धी देवो. आमीन.